मुठ्याच्या घाटातला शेमा

आमचे हे देवाचे आभार मानत होते आणि नेमकं तेव्हाच देवाने त्यांना नेलं. हे वाक्य मी मनात कितीदा तरी म्हटलं असेल, पण शेवटापर्यंत आले की अजूनही दचकते. ज्या माणसाने आयुष्यभर देवाच्या दाराशी सेवा केली, त्याला असं भर प्रार्थनेत उचलावं? पुष्कळ दिवस मी प्रार्थनेचं पुस्तक उघडलंच नाही.

आम्ही बेने इस्राएल, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ज्यू. पुण्यातल्या आमच्या लहानशा समाजात यांना सगळे मोझेसकाका म्हणत. कुणाकडे सुंता असो, लग्न असो, मयत असो, हे हजर. शनिवारी सिनेगॉगमध्ये सर्वांच्या आधी पोचून खुर्च्या पुसायचे आणि मुलांना हिब्रू अक्षरं गिरवायला लावायचे. पण शुक्रवारी दिवेलागणीला आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शब्बाथ, सुरू होतो; ती संध्याकाळ मात्र घरची. भिजवलेल्या मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हणून झाला की पहिला घोट मला देत, मग मुलांना.

आणखी एक काम ते न बोलावता करत. आमच्यात माणूस जाताना त्याच्या कानावर शेमा पडावा असं मानतात. देव एकच आहे असं सांगणारी ही प्रार्थना. ज्याच्याजवळ कुणी नसेल त्याच्याजवळ हे जाऊन बसत. रात्री-अपरात्री दवाखान्यातून परतले की अंघोळ करायचे, चहा घ्यायचे आणि कामावर जायचे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मुलाला, डॅनियलला, मुलगी झाली. सुनेचं बाळंतपण अवघड गेलं होतं. मायलेकी सुखरूप घरी आल्या तर मलिदा करीन, असा नवस हे आमच्या एलियाहू नबीला बोलले होते. मलिदा म्हणजे पोहे, ओलं खोबरं, गूळ आणि फळं यांचं आभाराचं ताट. मुठा गावात एका ओळखीच्यांचं शेतघर मिळालं आणि रविवारी सगळ्या गोतावळ्याला घेऊन आम्ही तिथे गेलो. यांनी स्वतः नारळ खोवले. नातीला मांडीवर घेऊन फोटो काढून घेतले. मग ताटापुढे उभे राहून आशीर्वाद म्हणू लागले आणि मध्येच त्यांचा आवाज थांबला. आम्हाला वाटलं, गहिवरले असतील. तोवर ते खाली बसले होते, आणि बसता बसता आडवे झाले.

आमचा ड्रायव्हर बस घेऊन डिझेल भरायला गेला होता. फोनला रेंज नव्हती. डॅनियल रस्त्यावर धावला आणि भाताची पोती घेऊन जाणारी एक पिकअप त्याने अडवली. चार जणांनी यांना उचलून पोत्यांवर निजवलं. डॅनियल ड्रायव्हरशेजारी पुढे बसला, मी मागे यांचं डोकं मांडीवर घेऊन; बाकीचे बस आली की मागून येणार होते. गाडी हलणार तोच नऊवारीतली एक बाई मागून चढली आणि माझ्या समोर बसली. कोण, कुठली, काही विचारण्याचं भान मला नव्हतं.

पिकअप मुठ्याचा घाट चढत होती. यांचे डोळे अर्धे मिटले होते, श्वास लांबत चालला होता. काय चाललंय ते मला दिसत होतं. काय करायला हवं तेही ठाऊक होतं. पण मी दगड झाले होते. लहानपणापासून रोज म्हटलेला शेमा, त्याचा एक शब्द आठवेना. ज्याने एवढ्यांच्या कानात ते शब्द सांगितले, तो माझ्याच मांडीवर ते न ऐकता चालला होता.

त्या बाईने पदराने यांच्या तोंडाचा फेस पुसला. मग माझा दंड धरला.

"ताई, अशा गप बसू नगा. तुमच्या देवाचं नाव घ्या त्यांच्या कानात."

"मला काही आठवत नाही," मी म्हटलं.

"आटवंल. मानूस अजून ऐकतुया."

ऐकतुया. शेमा या शब्दाचा अर्थच मुळी 'ऐक' असा आहे. तिला ते कसं ठाऊक असणार? पण माझ्या आत काहीतरी सुटलं आणि शब्द एकामागून एक आले. मी वाकून यांच्या कानात शेमा म्हटला. त्यांचा उजवा हात किंचित हलला. शेमाची पहिली ओळ म्हणताना आम्ही उजव्या हाताने डोळे झाकतो. मी तो हात उचलून त्यांच्या डोळ्यांवर ठेवला आणि धरून राहिले. घाटाखालचं उरवडे गाव यायच्या आधीच तो जड झाला. पिरंगुटच्या डॉक्टरांनी फक्त मान हलवली. मी बाहेर आले तर पिकअप आणि ती बाई दोन्ही गेलेली होती.

सुतक फिटल्यावर डॅनियलला घेऊन मी मुठ्याला गेले. पिकअपवाल्याच्या ओळखीने तिचं घर सापडलं. तिचं नाव हिराबाई. मी पाया पडायला वाकले तर तिने वरच्यावर धरलं आणि ओट्यावर बसवलं. त्या दिवशी तुम्हाला पिरंगुटला काय काम होतं, असं मी विचारलं.

"मला कुटं जायाचं होतं?" ती म्हणाली. "रानात हुते. तुमी मागं एकल्या बसलेल्या दिसला, म्हून चढले."

थोड्या वेळाने तिने आपल्या थोरल्या मुलाबद्दल सांगितलं. तो दवाखान्यात काचेच्या दाराआड वारला. तिला आत सोडलं नव्हतं. त्याच्या कानात सांगायचं ते सांगायचंच राहिलं. हे बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी माझ्या डोळ्यांत आलं. मी त्याचं नाव विचारलं.

"संतोष," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा म्हणाली, सावकाश, जणू किती दिवसांत ते उच्चारलं नव्हतं.

यांना असं का नेलं, हे मला आजही कळलेलं नाही. धक्का ओसरला आहे असंही म्हणवत नाही. पण उत्तर मिळाल्याशिवाय हात जोडायचे नाहीत, हा हट्ट मी सोडून दिला आहे. शुक्रवारी दिवा लावते तेव्हा यांचं नाव घेते आणि मग संतोषचं. दोन्ही मोठ्याने घेते. पुढचं ऐकणाऱ्याने ऐकावं.