काउंटरवरची वेर्ना, फोनवरची वेर्ना

वेर्ना फ्रीझन आमच्या ट्रॅक्टरच्या दुकानात सुट्या भागांच्या काउंटरवर होती. चौतिसाव्या वर्षी एका सकाळी ती उठली, तर चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडलेली. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिन्यांत सुधारेल. बहुतेकांचं सुधारतं. तिचं नाही सुधारलं. ओठाचा कोपरा खाली ओघळला तो ओघळलाच, आणि ती हसली की समोरच्याला वाटायचं, ही नाक मुरडतेय.

गावातल्यांना आधीची वेर्ना ठाऊक होती. अडचण यायची ती नव्यांची. मी गोदामात नवा लागलो तेव्हा पंधरा दिवस बायकोला सांगत होतो, काउंटरवरच्या बाईला मी डोळ्यांसमोर नकोय. मग एका दुपारी तिनं आईच्या हातच्या, बेरी भरून भाजलेल्या गोड 'पाय'चा भलामोठा तुकडा माझ्या डब्याशेजारी गुपचूप ठेवला, आणि माझा मीच ओशाळलो.

त्यात प, ब, म ही अक्षरं तिच्या ओठांतून निसटायची. म्हणून काउंटरवर ती मोजकंच बोलायची. आहे, नाही, गुरुवारी या. फोनवर मात्र बघणारं कुणी नसायचं. तिथं ती दोन बोटांनी गाल वर उचलून धरायची आणि स्पष्ट, मोकळं बोलायची, थट्टासुद्धा करायची.

ओरेस्ट पाव्हलिचेन्को हा आमच्या भागात नवा आलेला शेतकरी. पन्नाशीचा, एकटा. त्याचं हार्वेस्टर इतकं जुनं, की आठवड्यातून चारदा त्याचा फोन ठरलेला. बेअरिंगची चौकशी संपली तरी दोघं बोलत राहायची. त्याच्या पिरोग्या, म्हणजे सारण भरलेले उकडीचे कानवले, उकळताना फुटतात हे कळल्यावर कणीक किती वेळ झाकून ठेवायची तेही वेर्नानं त्याला सांगितलं होतं. माल न्यायला त्याचा शेजारी यायचा.

ऐन कापणीत हार्वेस्टरचा पट्टा तुटला आणि ओरेस्ट पहिल्यांदाच स्वतः आला. त्याच्या आवाजावरून वेर्नानं त्याला लगेच ओळखलं आणि ती मनापासून हसली. त्याचा चेहरा पडला. पट्टा घेऊन तो निघून गेला.

अर्ध्या तासानं त्याचा फोन आला. मी शेजारीच बोल्ट निवडत होतो. तो काय म्हणाला ते वेर्नानं नंतर सांगितलं.

"फोनवाल्या बाई, राग मानू नका, पण काउंटरवर ती कोण बसवलीय? मला बघून अशी हसली, जसा काही मी चिखलातून उठून आलोय."

"आला होतात का चिखलातून?"

"होतो की. म्हणून हसायचं?"

"बरं वाटलं असेल हो तिला, तुम्हाला बघून."

"बरं वाटल्यावर असं तोंड? मग वाईट वाटल्यावर काय करते?"

यावर वेर्ना खरंच हसली. फोन ठेवल्यावर मात्र ती आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी म्हणालो, मी सांगतो त्याला. तिनं मला अडवलं. "त्याचं काय चुकलं? तू तरी पंधरा दिवस काय समजत होतास?"

तिला ते ठाऊक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात, पट्टा सैल पडतो म्हणून, ओरेस्ट तो बदलून घ्यायला आला. दुकानात आणखी तिघं होते. वेर्नानं त्याच्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांदेखत दोन बोटं गालाला लावली.

"चिखल पुसून आलात का, पाव्हलिचेन्को?"

त्यानं टोपी काढली. त्याचे कान लाल झाले.

"पिरोग्या आता फुटत नाहीत," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "मी मूर्ख आहे."

"थोडेसे," वेर्ना म्हणाली आणि नवा पट्टा काढायला वळली.

त्यानंतर तिनं काउंटरवरही बोटं लपवली नाहीत. कुणी टक लावून पाहिलं तर म्हणायची, गाल आळशी आहे, उचलावा लागतो. ओरेस्टचे फोन चालूच राहिले, पण बोल्टसारख्या बारीकसारीक वस्तूंसाठीही तो आता स्वतः यायचा.

गेल्या वर्षी वेर्नाची आई वारली. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं आणि ओरेस्ट कॉफी वाढत होता. गावात नव्यानं आलेल्या एका बाईनं त्याला विचारलं, दारातली ती बाई सगळ्यांवर एवढी का चिडलीय?

त्यानं किटली खाली ठेवली.

"चिडलेली नाही. आई गेलीय तिची," तो म्हणाला. "चला, मी तुमची ओळख करून देतो."