तोफा मागं असत्यात

थोरला भाऊ तोफखान्यात भरती झाला, तेव्हा तिथूनच पेन्शनीत निघालेले वडील आईला म्हणाले, “रडतीस कशाला? तोफा लय मागं असत्यात.”

पासष्टच्या लढाईत भावाचं पत्र आलं. आता तोफखान्याचीही माणसं वायरलेस घेऊन पायदळाबरोबर पुढं जातात, शत्रूचा ठाव मागच्या तोफांना कळवतात. तेच काम त्याला मिळालं होतं. साताऱ्याच्या चौकात ‘नेहमी खरं बोला’ अशी पत्रकं वाटणारा मी, पण आई-वडिलांना पत्र वाचून दाखवताना तेवढ्या ओळी गाळल्या.

पुढं भाऊ कामी आल्याची तार आली. आई वडिलांवर ओरडली, “आवं, तोफा मागं असत्यात म्हनला हुता न्हवं?”

वडील म्हणाले, “आमच्या वेळी हुत्या.”

त्यानंतर ती त्यांच्याशी फारशी बोलली नाही. पत्र माझ्याकडंच होतं. मी तेव्हाही ते पुरतं वाचून दाखवलं नाही.