बेन मारी आणि जाऊबाईंचं नाक

माझा वास गेला तो तापात. तेव्हा घरोघर तो ताप होता, आमच्याकडेही आला, आणि जाताना माझा वास घेऊन गेला. चव हळूहळू परतली, वास नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. अजून हळूहळूच चाललंय.

दुसऱ्या कुणाचा गेला असता तर चाललं असतं. माझ्या नवऱ्याला फोडणी जळाल्याचा वास आलेला मला आठवत नाही, आणि तो बँकेत मजेत नोकरी करतोय. पण मी आणि माझी थोरली जाऊ शहाडला, कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये, दुपारच्या जेवणाचा काउंटर चालवतो. सकाळी कल्याणच्या घरी रांधायचं, रिक्षात डबे घालून न्यायचं आणि तिथल्या बेन मारीत गरम ठेवायचं. बेन मारी म्हणजे स्टीलचं लांबलचक टेबल. वर खाचा, त्यांत भाजी-आमटीचे खोल ट्रे बसतात. खाली पाण्याची टाकी, टाकीत हीटरची कॉइल. पाणी तापतं, त्या वाफेवर अन्न गरम राहतं. एवढंच आहे ते. नाव मात्र एखाद्या फिरंगी बाईचं.

आता या धंद्यात नाक किती लागतं ते सांगते. आमटी आंबायला लागली की आधी नाकाला कळतं, मग जिभेला, आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या पोटाला. पोटाला कळलं की दुसऱ्या दिवशी रांग नाही. आणि रांगेचं सोडा हो, आपल्या हातचं खाऊन कुणी आजारी पडलं तर? मला हे सहनच होईना. नाक नसताना लोकांना जेवायला घालायचं म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडण्यासारखं वाटायचं. मी घरात जाहीर केलं की काउंटर बंद.

नवऱ्याला आनंदच झाला. "विकून टाक ते धूड," म्हणाला. आंबिवलीचा एक केटरर बघायलाही आला, सगळीकडे बोटं आपटून गेला. तो गेल्यावर जाऊबाई स्वयंपाकघरात आल्या. मी त्यांना ताई म्हणते. नवऱ्याच्या मोठ्या भावाची बायको, बोलायला कमी, पण एकदा बोलल्या की हलायच्या नाहीत.

"नाक तुझं गेलंय ना? माझं आहे. वास मी घेते, तू बाकीचं बघ."

म्हणून काउंटर पुन्हा उघडला. ताईंच्या नाकावर.

बाकीचं म्हणजे सफाई. मी एकच नियम केला: मला वास येत नाही, तेव्हा सगळं नासलंय असं धरूनच चालायचं. उरलेलं ठेवायचं नाही. ट्रेमध्ये अन्न जायच्या आधी टाकीतल्या पाण्याला वाफ आलेली हवी, आणि अन्न घरून निघतानाच उकळतं हवं. कारण ही बाई गरम ठेवते, गार झालेलं गरम करत नाही. हे अर्ध्या केटररांना कळत नाही, गार भाजी ट्रेमध्ये ओततात आणि वाट बघत बसतात. मी एक दांडीचा थर्मामीटर आणला आणि तो प्रत्येक ट्रेच्या मध्यापर्यंत खुपसायला लागले. गिऱ्हाइकं हसायची. "वहिनी, आमटीला ताप आलाय का?" हसा, हसा.

जेवणं आटोपली की बटण बंद. नुसतं बटण नाही, भिंतीतला प्लग उपटून वर टांगायचा. मग थांबायचं. ही थांबण्याची गोष्ट मला अजिबात जमायची नाही, मी जात्याच घाईची. पण एकदा पाणी गरम असतानाच टाकीखालचा कॉक, म्हणजे पाणी सोडायचा नळ, उघडला आणि पायावर फोड घेऊन घरी आले, तेव्हापासून थांबते. टाकी कोमट झाली की पाणी सोडायचं, मऊ कापडानं आतून पुसायचं, कडांच्या खाली बोट फिरवायचं. आमटी नेहमी कडांच्या खाली जाऊन बसते आणि तिच्यातलं मीठ स्टीलला खातं. बटणांच्या बाजूला पाण्याचा थेंब उडवायचा नाही, तिथे फक्त पिळलेलं फडकं. शेवटी सगळं कोरडं करून झाकणं उघडी ठेवायची. सकाळी आधी पाणी, कॉइल पूर्ण बुडेल इतकं, आणि मगच प्लग. कोरडी तापली की कॉइल गेलीच.

हे मला कुणी शिकवलं नाही. म्हणजे एकदा शिकवलं. सुरुवातीला मी घरची सवय म्हणून टाकी तारेच्या घासणीनं घासली. आपल्याकडे भांडं लखलखलं नाही तर बाईचं नाव खराब होतं ना! लखलखली, आणि थोड्याच दिवसांत आत तांबूस ठिपके उठले. कल्याणच्या भांडीबाजारात ज्याच्याकडून टेबल घेतलेलं त्याच्याकडे मी भांडायला गेले की तुमचं स्टील खोटं. त्यानं शांतपणे विचारलं, तारेनं घासलंत? तारेचे कण स्टीलमध्ये रुततात आणि ते गंजतात. "वहिनी, परात आहे का ती?" मी बाहेर आले आणि समोरच्याच दुकानातून स्पंज घेतले.

टँकरच्या पाण्यानं टाकीत पांढरा थर धरतो. त्याला लिंबूसत्त्व. किराणा दुकानात मिळतं, कोमट पाण्यात विरघळवून टाकीत भरायचं, थोडा वेळ ठेवून स्पंजनं पुसायचं, दोनदा धुवायचं. यावरून माझं आणि ताईंचं रोजचं वाजायचं. त्या कुकरवाल्या. कुकरच्या तळाला चिंचेचं बुटुक टाकलं की कुकर काळा पडत नाही, मग इथेही चिंच.

"ताई, हा कुकर नाहीये."

"पाणीच तापतंय ना? मग झालं तर."

चिंचेचा चोथा कॉइलला चिकटतो, नळीत अडकतो, दिवसभर राहिला तर कुजतो. मी चिंचेला बंदी घातली. त्यांनी मान डोलावली. ताईंच्या मान डोलावण्याला काही अर्थ नसतो हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे.

बाकी आमचं छान चाललेलं. वाढायच्या आधी मी एकेक झाकण उचलायचे, ताई वाकून नाक पुढे करायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "छान आहे." भाजी छान, आमटी छान. कधी नाही म्हणाल्याच नाहीत. मला वाटायचं, माझं रांधणंच तसं.

मग एकदा जोडून सुट्ट्या आल्या. सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी मला भाचीच्या हळदीला ठाण्याला जायचं होतं. ताई म्हणाल्या, जा तू, टाकी मी बघते. मी प्लग उपटून, टांगून निघाले.

सुट्ट्या संपल्यावर त्या माझ्या आधी पोचलेल्या. मी डबे उतरवून आत आले तर ताई कोपरापर्यंत हात घालून टाकीत वाकलेल्या. मी सवयीनं आधी प्लग बघितला. वर टांगलेला होता. मग टाकी बघितली. तपकिरी पाणी, त्यावर जाड पांढरी साय.

"हे काय?"

"चिंच भिजत घातलेली," त्या खुशीत म्हणाल्या. "बघ, सगळा क्षार कसा सुटून वर आलाय! तुझं लिंबूसत्त्व करतं का असं?"

तो क्षार नव्हता, बुरशी होती. बंद झाकणाखाली, उकाड्यात, आमटीच्या खरकट्यासकट ते पाणी तसंच पडून होतं. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात पाण्याचा जारवाला आला. दारातच थांबला. एक हात खांद्यावरच्या जारला, दुसरा नाकावर.

"अरे देवा! काय मेलंय काय इथे?"

त्याचं नाक दारात. ताईंचं नाक त्या पाण्यापासून वीतभर. तो जार तिथेच ठेवून बाहेर पळाला. आणि ताईंचे हात अजून पाण्यातच.

"ताई, तुम्हाला वास येत नाहीये?"

त्यांनी हात बाहेर काढले, पदराला पुसले. "तापात गेला."

"माझ्या तापात?"

"अगं, ताप आधी मलाच आलेला ना. तुझ्या आधीपासून नाहीये."

"मग रोज वाकून काय हुंगत होतात?"

"वाफ," त्या म्हणाल्या. "नाकाला चटका बसला की गरम आहे म्हणून कळायचं. तू विकायला निघालेलीस. काहीतरी म्हणायला नको होतं?"

मला इतका राग आला की हातातलं झाकण मी दाणकन टेबलावर आपटलं. लोकांच्या जिवाशी खेळ! आणि माझ्याशी खोटं, रोज, डोळे मिटून! मी ते घाण पाणी सोडलं, टाकी साबणानं घासली, धुतली, पुन्हा घासली, पुन्हा धुतली. जारवाल्याला हाक मारून आत बोलावलं आणि टाकीत डोकं घालायला लावलं. काहीच वास नाही, म्हणाला. मग टाकीत नवं पाणी भरलं, वाफ आल्यावर ट्रे भरले; घट्ट झाकलेले डबे अजून कडकडीत होते. थर्मामीटर प्रत्येक ट्रेमध्ये खुपसून बघितला आणि रांगेला या म्हटलं.

मी वाढायला लागले. समोर तीच माणसं, वेल्डर, हेल्पर, पॅकिंगच्या बायका, रोजच्यासारखी कुरकुरत, "आज उशीर केला वहिनी," म्हणत ताटं पुढे करणारी. यांना कधीपासून नाक नसलेल्या दोन बायका जेवायला घालत होत्या, आणि आजवर एकाचंही पोट बिघडलं नव्हतं. ताईंनी कधी काही तपासलंच नव्हतं. म्हणजे जे मला एकटीला जमणार नाही म्हणून मी टेबल विकायला काढलेलं, ते रोज मी एकटीच करत आले होते.

ताई पलीकडे भात वाढत होत्या. घरी पोचेपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर रडले असते.