गाळलेल्या नावाची हजेरी

त्या हिवाळ्यात सरहद्दीच्या पोस्टवर आम्ही नऊ जण होतो. खाली बेसला उतरायला दोन दिवस लागायचे आणि सकाळचं पहिलं काम म्हणजे बंकरचं दार बर्फातून खणून काढणं. मी हुद्द्यानं नायक, रेडिओ सेट माझ्याकडं. लान्स नायक यशवंत माझा बडी. फौजेत बडी म्हणजे जोडीदार. गस्तीला, जेवायला, मरायला बरोबर. आम्ही दोघं सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावचे, एकाच गल्लीतले, एकाच चर्चमधले. अख्ख्या कंपनीत ख्रिस्ती दोघंच.

आमचं चर्च म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्रे. तिथं एक रीत आहे. रविवारी प्रार्थना संपली की मंडळीचे कारभारी दानीएलकाका रजिस्टर उघडायचे आणि घरागणिक मंडळीतलं एकेक नाव वाचायचे. समोर बसलेला असेल तो 'हजर' म्हणतो. जो पोटामागं परगावी गेला असेल त्याच्यासाठी घरचं माणूस 'हजर' म्हणतं. लहानपणी मी वडलांना विचारलं होतं, "दादा, माणूस तर पुण्याला हाय. मंग हजर कसा?"

"आपल्यापुढं न्हाई लेका. देवापुढं हजर हाय," ते म्हणाले.

या सवयीनं मला फौजेत पहिल्याच आठवड्यात लोळवलं. ट्रेनिंग सेंटरला रोल कॉल सुरू होता. यशवंत पोट बिघडून एमआय रूममध्ये, म्हणजे फौजी दवाखान्यात पडलेला. त्याचं नाव पुकारलं आणि मी ठोकून दिलं, "हाजिर साब!" लबाडी नव्हती हो, तोंडाला वळणच तसं होतं. ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादांनी दोन मिनिटांत पकडलं. भर उन्हात ग्राउंडवर उलटी होईस्तोवर लोळायला लावलं. वर म्हणाले, "फौज में हर आदमी अपना जवाब खुद देता है." संध्याकाळी यशवंत माझ्या सोललेल्या कोपरांना तेल लावत होता आणि दात काढत होता. "सुध्या, येड्या, हे काय चर्च हाय व्हय?"

पोस्टवर यायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. यशवंत नाताळाच्या सुट्टीवर गावी गेला आणि दारू पिऊन उपासनेला आला. दानीएलकाकांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं. यानं भर मंडळीत त्यांना नाही नाही ते सुनावलं. पुढच्या रविवारी काकांनी रजिस्टरात त्याच्या नावावर आडवी रेघ मारली आणि हजेरीत ते नाव गाळलं.

रेघ पडल्याच्या तिसऱ्या दिवसापासून यशवंतनं दारूला हात लावला नाही. युनिटची रम मिळायची तीसुद्धा दुसऱ्याला देऊन टाकायचा. पण माफी? नाव काढू नका! "पयले नाव वाचा, मंग माफी मागतो," हा म्हणायचा. काका म्हणायचे, "पयले माफी, मंग नाव." दोघंही हट्टाला पेटलेले. मला दोघांचाही राग आला होता. त्या रागात मी नंतरच्या एकाही सुट्टीत चर्चकडं फिरकलो नाही.

पोस्टवर रविवारी बाकीचे मंदिर परेडला जमायचे. आम्ही दोघं स्टोअरच्या कोपऱ्यात जेरीकॅनवर बसून एक गीत म्हणायचो. प्रार्थना मीच करायचो. यशवंत म्हणायचा, "माझं नाव कटलंय. तूच बोल."

त्या रविवारी मात्र गीत संपल्यावर त्यानं बुटाची नाडी आवळत विचारलं, "सुध्या, तू मागं सुट्टीला गेलतास. हजेरीत माझं नाव घेऊन राहिलेत का?"

दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं. फोनवर आईलासुद्धा कधी विचारलं नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणालो, "घेत्यात की."

"हजर कोन म्हनतं?"

"तुझी माय."

खोटं बोललो, साफ खोटं. यशवंतनं नाडी तशीच सोडली. मग हातमोजे काढले, हात जोडले आणि दोन वर्षांनी स्वतःच्या तोंडानं प्रार्थना केली. "देवा, मी लई वाकडा वागलो. तू मला सोडलं न्हाईस. खाली उतरलो की काकांच्या पाया पडतो." एवढंच. मला रडू आलं. मी सेटची बॅटरी बघायला उठलो.

1300 वाजता लिंक पेट्रोल, म्हणजे शेजारच्या पोस्टपर्यंतची गस्त निघाली, पाच जण, एका दोराला बांधलेले. बडी म्हणून मी बरोबर जायला हवा होतो. पण दुसऱ्या ऑपरेटरला ताप होता, सेट सोडता येत नव्हता. यशवंत दोरात शेवटचा. जाताना म्हणाला, "चहा ठिव."

1410 वाजता सेट खरखरला. गस्तीच्या कमांडरचा आवाज. "बर्फ का स्लाइड आया है. चार ठीक. रस्सी टूट गयी. यशवंत नहीं मिल रहा. ओव्हर."

पोस्ट कमांडर सुभेदार साहेबांनी माझ्या हातातला हँडसेट काढून घेतला. "सेट मैं देखता हूँ. तू जा."

1450 ला मी तिथं पोचलो. फावड्यानं, हातानं, मेसच्या पातेल्याच्या झाकणानंसुद्धा खणलं. 1730 ला अंधारून आलं आणि परतायचा हुकूम झाला. मी ऐकेना, तेव्हा दोघांनी मला ओढून आणलं.

1800 वाजता रोल कॉल. साहेब एकेक नाव वाचत होते. यशवंतचं नाव आलं.

"हाजिर साब," मी म्हणालो.

साहेबांनी मान वर केली. "क्या बोला, सुधाकर?"

"मिला नहीं है साब. पर हाजिर है."

या वेळी ती तोंडाची सवय नव्हती. शुद्धीवर राहून, अटेन्शनमध्ये उभं राहून बोललो होतो. बर्फात लोळायला लावलं असतं तरी परत तेच बोललो असतो. साहेबांनी 'लापता' लिहिलं. ते त्यांचं काम होतं. मला शिक्षा केली नाही. "कल 0600 बजे फिर खोदेंगे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी 0920 ला सापडला. शांत झोपल्यासारखा वगैरे नव्हता. तोंडात बर्फ होता, तो मी बोटानं काढला.

पेटीबरोबर गावी मीच आलो. गोरेगावात दुकानं बंद ठेवून माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती, हिंदू, मुसलमान, सगळी. पेटीवर तिरंगा चढला, सलामी झाली. मग पेटी चर्चमागच्या आमच्या दफनभूमीत नेली. तिथं मातीआधी रजिस्टरातून मेलेल्याचं नाव वाचतात आणि घरचं माणूस त्याच्यासाठी 'हजर' म्हणतं. दानीएलकाका रजिस्टर छातीशी धरून उभे होते. उघडत नव्हते.

"काका, नाव वाचा," मी म्हणालो.

"रेघ मारलीया, सुधाकर. माफी मागितल्याबिगर कसं वाचू? नेम हाय मंडळीचा."

मी युनिफॉर्ममध्ये होतो, तरी आवाज चढला. "माफी माझ्या कानानं ऐकली म्या! त्याच्या शेवटच्या दिवशी. अन् म्या त्याला खोटं सांगितलं व्हतं, का तुमी नाव घेता अन् माय हजर म्हनती. त्या भरवशावर गेला त्यो. देवानं ज्याला धरलंय त्याला तुमी रेघ मारून सोडवनार? मंग माझ्याबी नावावर मारा रेघ. मी हितनं हलत न्हाई."

मग यशवंतची आई, गयामावशी, पेटीवरचा हात न काढता म्हणाली, "सुधाकर, तू खोटं काहून म्हनतूस लेकरा? इचार की काकांला."

मी काकांकडं पाहिलं.

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "मी गयाबाईचं नाव वाचतो. ही हजर म्हनती. मंग जरा थांबती, अन् परत हजर म्हनती. दर रविवारी. पयले वाटलं, म्हातारीला इसर पडून राहिला. मंग समजलं. यशवंतचं नाव तिच्याच खाली हाय. मी वाचत न्हाई, तरी ही हजेरी देती."

"तुमी रेघ मारली, म्या लेक थोडाच टाकला?" मावशी म्हणाली. "अन् माझ्यानं टाकवत न्हाई, तर देवाच्यानं टाकवंल व्हय?"

काकांनी रजिस्टर उघडलं. चष्मा पुसला, परत पुसला. मग मोठ्यानं नाव वाचलं. मावशीनं 'हजर' म्हटलं आणि आम्ही पेटी खाली सोडली.

आता मी रिटायर होऊन गावात आहे. काकांची नजर गेली, रजिस्टर त्यांनी स्वतःहून माझ्या हातात दिलं. बाहेरून आलेले कधी कधी पान बघून विचारतात, नाव खोडलंय, माणूस वारलाय, मग वाचता कशाला? नवीन रजिस्टर करा की. मी करत नाही. रेघ तशीच ठेवलीय आणि रेघेखालचं नाव वाचतो. ज्याला पटत नाही त्यानं माझ्यासमोर येऊन बोलावं.

मावशीला आता ऐकू येत नाही. पुढच्याच चटईवर बसते आणि माझ्या ओठांकडं बघत राहते. मी म्हणतो, "गयाबाई." ती म्हणते, "हजर." मग मी म्हणतो, "यशवंत." तिच्या आधी दानीएलकाका म्हणतात, "हजर."