आरोपी नंबर चौदा, साक्षीदार नंबर दोन

"एकच माणूस, शिर्के, एकच! या फायलीत आरोपी आणि त्या फायलीत पंच. वाचता येतं ना तुम्हाला?"

"हळू बोला वकीलसाहेब. दाराबाहेर माणसं बसलीत."

"बसू देत. राजाराम धोंडू पाष्टे, वय छत्तीस, धंदा इस्त्री. वीस फेब्रुवारीला संध्याकाळी पाच वाजता प्रभादेवीला मोर्चात अटक. आरोपी नंबर चौदा. आता हा कागद बघा. तोच राजाराम धोंडू पाष्टे, तेच वय, तोच धंदा, तीच तारीख, आणि साडेपाच वाजता चिंचपोकळीच्या पुलाखाली हजर! 'आम्हां पंचांसमक्ष आरोपी भिवा जाधव याच्या उजव्या हातातून सात दगड जप्त केले.' तुमच्या गाडीत कोंबलेला माणूस अर्ध्या तासात चिंचपोकळीला उडत गेला?"

"लिहिणाऱ्याची चूक आहे."

"सहीसुद्धा लिहिणाऱ्याचीच का?"

फौजदार शिर्के हसले. त्यांच्या हसण्यात लाज नव्हती, आणि जयवंतरावांना त्याचीच जास्त शिसारी आली. चोर पकडला गेला की निदान खाली तरी बघतो. हे गृहस्थ टेबलावरच्या चहाच्या बशीत विडीची राख झाडत होते.

"आणि काय हो शिर्के, एका हातात सात दगड? उजव्याच हातात? माणूस आहे की टोपली?"

"चळवळीचे दिवस आहेत साहेब. रोज पन्नास-साठ माणसं उचलायची. दर वेळी कुठून आणायचे पंच?"

कायद्याच्या पुस्तकात पंच म्हणजे परिसरातला प्रतिष्ठित आणि तटस्थ रहिवासी. पोलीस काही जप्त करतात तेव्हा तो समोर उभा असतो आणि पुढे कोर्टात सांगतो, होय, हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. चौकीच्या पुस्तकात पंच म्हणजे राजाराम. चौकीच्या भिंतीला टेकून त्याचं इस्त्रीचं टेबल. शिपायांचे गणवेश तो फुकट कडक करून द्यायचा आणि त्या बदल्यात ते टेबल फुटपाथवरून कोणी हलवायचं नाही. गणवेश पोचवायला गेला की लेखनिक त्याच्यापुढे कोरे छापील कागद सरकवायचा. राजाराम एका दमात दहा-बारा सह्या ठोकून मोकळा. मग त्या सह्यांच्या वर कधी दगड लिहिले जायचे, कधी काठ्या, कधी सोडावॉटरच्या बाटल्या. वीस तारखेला मात्र गंमत झाली. राजाराम कोणाला न सांगता मोर्चात गेला आणि धरला गेला, सुटला तो दुसऱ्या दिवशी जामिनावर. इकडे लेखनिकाने त्याच संध्याकाळी सवयीने त्याच्याच सहीचा कागद काढला.

"त्याला गाळा," जयवंतराव म्हणाले. "दुसरा पंच बोलवा."

"दुसरा शिमग्याला गावाला गेलाय. पालखी नाचवल्याशिवाय यायचा नाही. राजारामच उभा करा साहेब, तो पढवलेला आहे. बचावाच्या वकिलाकडे प्रभादेवीची फाईल नाही. दोन्ही कागद फक्त तुमच्या टेबलावर." शिर्के उठले. टोपी घालता घालता सहज म्हणावं तसं म्हणाले, "तुमचा कायम होण्याचा कागद वर गेलाय ना? आमच्या साहेबांचा शेरा लागतो त्यावर."

जयवंत कांदळगावकर चार वर्षं पोलीस कोर्टात हंगामी सरकारी वकील होते. वडील गिरणीत जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाताखाली घासले आणि धाप लागून गेले. जयवंतराव दिवसा एका पेढीत कारकुनी करत, संध्याकाळी कायद्याच्या वर्गाला बसत आणि लालबागच्या चाळीत गॅलरीतल्या दिव्याखाली वाचत. सनद मिळाली तेव्हा चाळीने पेढे वाटले होते. काळा कोट शिवायला सगळ्या मजल्याने मिळून शिंपी सुचवला होता. 'आपला वकील' म्हणायचे त्यांना.

चळवळ सुरू झाली आणि ते एकाएकी 'त्यांचा वकील' झाले. जिन्यात पोरं थांबायची आणि हा माणूस वर जाईपर्यंत "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" असं त्यांच्या पाठीत ओरडायची. घोषणेचं काही नाही, जयवंतरावांनाही मुंबई हवीच होती. पण त्या घोषणेत आपलं नाव शिवीसारखं कालवलेलं आहे हे त्यांना ऐकू यायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या सत्यनारायणाचा प्रसाद यंदा त्यांच्या खोलीपर्यंत आला नाही.

"अहो, आज नळावर पण कोणी बोललं नाही," कालिंदी म्हणाली. "सुंदराबाई तर मला बघून बादली घेऊन मागे सरली. मला काय महारोग झालाय?"

म्हातारी राधाबाई कोपऱ्यात कुळीथ निवडत होती. तिने लेकाचा कोट खुंटीवरून काढला, नाकाशी नेला आणि परत टांगला.

"रे जयवंता, तुझ्या कोटाक वास येता."

"कसला वास, आई?"

"चौकीचो. धुवन जावचो नाय तो."

जयवंतराव उठले. मोरीत जाऊन त्यांनी हात धुतले. हल्ली ते दिवसातून सात-आठ वेळा हात धूत. कोर्टातले कागद घामट हातांतून आलेले असत, कार्बनची शाई बोटांना लागे, हे खरं. पण कालिंदीला ठाऊक होतं, शाई पहिल्या धुण्यातच जाते.

"उद्याच्या खटल्यात काय आहे?" तिने विचारलं.

"सात दगड."

"आणि?"

"आणि एक माणूस. गिरणीत रिंग खात्यात बदलीवर आहे, कायमचा कामगार आला नाही की त्याच्या जागी. महिनाभर आत सडतोय. खाडे वाढले की बदली पास जातो. शिक्षा लागली तर गेलाच."

"त्याने मारले का दगड?"

"मला काय माहीत! मारले असतील, नसतील. कागद खोटा आहे एवढं मला माहीत आहे."

"मग सांगा तसं कोर्टाला."

"आणि ही खोली कशावर चालवू? तुझ्या सल्ल्यावर?"

कालिंदीने पान वाढलं.

सकाळी कोर्टाच्या जिन्यात पानाच्या पिचकाऱ्यांचा नवा थर होता. मुतारीचा वास थेट पहिल्या मजल्यापर्यंत चढायचा आणि न्यायदालनाच्या दाराशी येऊन थांबायचा. व्हरांड्यात एक बाई उभी होती. अंगावर फिक्या निळ्या रंगाचं लुगडं, हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

"साहेब, मी मालन. भिवा जाधवची. आज निकाल होईल का तारीख पडंल?"

"ते तुमच्या वकिलांना विचारा."

"विचारलं. ते म्हणाले, सरकारी वकिलाच्या मनावर हाय. तारीख पडणार आसंल तर मला आत्ताच सांगा, म्हंजी मी जॉबरला गाठते. दोन पाळ्यांमदी गाठावा लागतो, मग तो भेटत न्हाई. म्हणला, आजच्याला पाय लागला खात्यात तर पास ठेवतो. न्हाईतर रांगेत दुसरा हाय." ती रडत नव्हती, हात जोडत नव्हती. गाडी किती वाजता सुटते असं विचारावं, तसं विचारत होती. "त्यानं मारला न्हाई दगुड. मारला आसता तर सांगितलं आसतं. लई बढाईखोर हाय तो."

जयवंतराव आत गेले.

पिंजऱ्यात भिवा उभा होता. उंच, बारीक, दाढी वाढलेली. मॅजिस्ट्रेटसाहेब कपाळावर चष्मा ठेवून सकाळपासून ढिगारा उपसत होते. बचावाला चळवळीच्या समितीने दिलेले म्हातारे वकील होते आणि ते बसल्या बसल्या पेंगत होते. मागच्या बाकांवर चिंचपोकळीची माणसं दाटली होती. त्यांतली अर्धी राजारामच्या चाळीतली, कारण मोर्चात धरला गेल्यापासून राजाराम चाळीत पुढारी झाला होता. पंच म्हणून तो आज कोणाविरुद्ध बोलणार आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुढारी कोर्टात जातो म्हणजे सरकारला सुनावायलाच जातो, अशी त्यांची समजूत.

"साक्षीदार नंबर दोन!"

राजाराम साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढला. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. शपथ घेऊन त्याने घसा साफ केला आणि कोणी विचारायच्या आधीच सुरू झाला.

"वीस फेब्रुवारी रोजी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास पोलिसांनी बोलावल्यावरून मी चिंचपोकळी पुलाखाली हजर राहिलो. माझ्यासमक्ष आरोपीच्या उजव्या हातातून सात दगड..."

आरती म्हणावी तसं म्हणत होता. जयवंतरावांनी हे आधी किती वेळा ऐकलं होतं! काठ्यांची आरती, बाटल्यांची आरती. दर वेळी त्यांनी मान डोलावली होती आणि 'दॅट्स ऑल, सर' म्हणून खाली बसले होते. आजही तेवढंच करायचं होतं. शिर्के भिंतीशी उभे राहून टोपीची कड पुसत होते.

"दॅट्स..." जयवंतराव म्हणाले आणि थांबले. तोंडात काहीतरी कडू आलं होतं.

"येस, मिस्टर कांदळ... गावकर?" मॅजिस्ट्रेट म्हणाले.

"एक प्रश्न आहे, सर. पाष्टे, तुम्हाला कधी अटक झाली आहे?"

राजारामने शिर्क्यांकडे पाहिलं. शिर्क्यांनी डोळ्यांनीच 'नाही' म्हटलं.

"नाही साहेब."

मागच्या बाकावरून एक हुंकार आला. मग एक म्हातारी स्पष्ट आवाजात म्हणाली, "काय रे राजाराम? मग तुला हार घातला तो कशाचा? दहा आण्याचा होता!"

"सायलेन्स!"

"पुन्हा विचारतो," जयवंतराव म्हणाले. "या चळवळीत तुम्ही पकडले गेला होता, की ती चाळीत मारलेली थाप?"

राजारामचा चेहरा लाल झाला. एकीकडे शिर्के होते आणि फुटपाथवरचं टेबल होतं. दुसरीकडे सगळी चाळ, मान उंच करून. त्याने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग छाती पुढे काढली.

"थाप? थाप कोणाला म्हणता? प्रभादेवीला पहिल्या रांगेत होतो मी! फौजदाराने कॉलर धरली तरी घोषणा सोडली नाही. रात्रभर लॉकअपात होतो! विचारा त्या शिर्केसाहेबांना!"

बाकांवर टाळ्या पडल्या.

"तारीख?"

"वीस फेब्रुवारी! सोमवार! संध्याकाळी पाच!"

टाळ्या चालूच होत्या. त्या थांबायच्या आत म्हातारे वकील जागे झाले होते, आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला होता. राजारामला आपण काय बोललो ते सगळ्यांत शेवटी कळलं. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"मग साडेपाचला पुलाखाली कोण होतं?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"ते... ते कपडे द्यायला जातो ना साहेब, तेव्हा सह्या करून ठेवतो. कोऱ्या कागदावर. पुढे काय लिहितात, मी काय वाचतो? माझी सही चांगली आहे म्हणून मलाच सांगतात."

कोणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. ते राजारामवर चिडले नाहीत, शिर्क्यांवरही नाही. त्यांनी जयवंतरावांकडे पाहिलं, जेवणाच्या ताटातली पाल काढून दाखवणाऱ्या माणसाकडे बघावं तसं.

"तुम्ही सरकारतर्फे उभे आहात, की आरोपीतर्फे?"

"प्रभादेवीची फाईल माझ्या टेबलावर आहे, सर. ही पण माझ्याच टेबलावर आहे. मी दोन्ही वाचल्या."

"ते तुम्ही मला चेंबरमध्ये सांगू शकला असता."

म्हणजे घाण असल्याबद्दल तक्रार नव्हती, ती उघड्यावर काढली याबद्दल होती. जयवंतरावांनी दोन्ही फायली पुढे ठेवल्या. दहा मिनिटांत भिवा सुटला.

व्हरांड्यात एकच गर्दी उसळली. "कांदळगावकर वकिलांचा विजय असो!" काल ज्यांनी याच माणसाच्या पाठीत घोषणा मारल्या असतील, त्यांनीच आज त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. हार ओला होता, गार पाणी कॉलरमधून पाठीत उतरलं.

"उद्या सभेला या साहेब! दोन शब्द बोला!"

"सरकारी वकील आपल्या बाजूला आला रे!"

शिर्के जवळून गेले. "अभिनंदन," ते म्हणाले. "बदलीचा हुकूम टपालानं येईल."

राजाराम जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. चौकीत त्याला जागा नव्हती, आणि चाळीतलंही कोणी आता त्याच्याजवळ बसेना. जयवंतरावांना त्याची कीव यायला हवी होती, पण आली ती किळसच. आणि ती नुसती त्याचीच नव्हती.

मालन नवऱ्याचा दंड धरून त्याला ओढत होती. "चल बिगीबिगी, दुसरी पाळी सुरू व्हायच्या आत पोचू. जॉबर वाट बघायचा न्हाई. साहेबांच्या पाया पड आणि चल."

भिवा पाया पडला नाही. तो जयवंतरावांसमोर येऊन उभा राहिला. गर्दीला वाटलं आता हा गहिवरून काहीतरी बोलणार, म्हणून गर्दी गप्प झाली.

"साहेब, माझ्या बराकीत अकरा जण हायेत. चिंचपोकळीचेच. कुणावर काठी, कुणावर बाटली. समद्यांच्या कागदावर ह्योच इस्त्रीवाला. त्यांस्नी तीन-तीन, सहा-सहा महिनं लागलं. ते खटले तुमीच चालवलेत. मी धरला जायच्या आदी मागच्या बाकावरनं तुमास्नी बघितलंय. त्या वक्ताला तुमी ह्याला इचारलं न्हाई."

दुसरा हार घालणाऱ्याचा हात हवेतच राहिला.

"मी आता त्यांच्या घरी जाणार. त्यांच्या बायका इचारतील. तर मी काय सांगू त्यांस्नी, साहेब?"

जयवंतरावांनी गळ्यातला हार काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवला. फायली उचलल्या, काखेत नीट बसवल्या. भिवा वाट बघत होता. मालनही ओढायची थांबली होती. गर्दीने बाजूला होऊन वाट दिली, आणि जयवंतराव कोणाकडेही न बघता, पानाच्या पिचकाऱ्यांवरून पाय टाकत जिना उतरून गेले.