माहेरचं नाव काय?

शिंदे बाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी हडपसरच्या आमच्या रुग्णालयात बैठकीला बसलो होतो. समोरच्या पडद्यावर आमच्या कॉम्प्युटर प्रणालीतून काढून टाकायच्या रकान्यांची यादी होती आणि तिसऱ्याच ओळीत बाईंचा रकाना होता... माहेरचं नाव. मी फोन उलटा ठेवला आणि म्हणालो, ‘‘हा राहील.’’

त्याला दीड महिना झाला. काही वर्षांपूर्वी केसपेपर, तपासण्या आणि औषधं यांची तीन वेगळी दप्तरं एका पडद्यावर आणायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सुमन शिंदे केसपेपरच्या खिडकीत बसायच्या. जुने कागदही त्यांनीच खपून कॉम्प्युटरवर चढवले. येणाऱ्या प्रत्येक लग्न झालेल्या बाईला त्या विचारायच्या, ‘‘माहेरचं नाव काय?’’ मला ते नसतं खूळ वाटायचं. एकदा चिडून म्हणालो, ‘‘अहो बाई, रांग स्वारगेटपर्यंत गेली!’’ मान वर न करता म्हणाल्या, ‘‘जाऊ द्या. तिथून बस मिळते.’’

मग एक दिवस प्राजक्ता नावाची मुलगी अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी आली. सोबत सासू. तिच्या नावावर जुनं काहीच दिसत नव्हतं, म्हणून मी निर्धास्त. बाईंनी मात्र विचारलंच. लग्नाआधी ती सविता होती. त्या नावानं शोधल्यावर लहानपणीचा कागद निघाला : एका इंजेक्शननं श्वास कोंडला होता, पुन्हा देऊ नये. तिला स्वतःला ते आठवत नव्हतं, सासूला ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि मी मिरवत होतो त्या प्रणालीच्या लेखी या दोन वेगळ्या बायका होत्या. बाईंनी वॉर्डात फोन लावला तेव्हा तेच इंजेक्शन भरून तयार होतं. मला माझी लाज वाटली. आजही वाटते.

त्याच दिवशी मी तो रकाना टाकला. भरल्याशिवाय पुढचं पान उघडणार नाही, असा. बाई म्हणाल्या, ‘‘लग्नात नाव बदललं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तुमचा कॉम्प्युटर तरी विचारू दे.’’ त्यांचं आधीचं नाव मी विचारलं, तर हसून पुढच्या पेशंटकडे वळल्या.

शेवटच्या दुखण्यात त्या आमच्याकडेच दाखल झाल्या होत्या. त्या दिवशी बैठकीतून उठलो आणि त्यांची नोंद उघडली. रकान्यात लिहिलं होतं, यमुना. इतकी वर्षं एका छताखाली काम केलं आणि मला हे माहीत नव्हतं...

रकाना काढायच्या कागदावर माझी सही अजून नाही, आणि होणारही नाही. साहेब म्हणतात, आधारचा नंबर आहे की. असेल. सविताच्या त्या जुन्या कागदावर कुठला नंबर होता? खिडकीत आता कुलकर्णी मॅडम बसतात. आज सकाळी त्यांनी एका बाईला खणखणीत आवाजात विचारलं, ‘‘माहेरचं नाव काय?’’ रांगेतून एक गृहस्थ माझ्यावर ओरडले, ‘‘अहो, किती वेळ? आम्ही इथंच उभं राहायचं का?’’

म्हटलं, ‘‘नाही तर स्वारगेटहून बस मिळते.’’