मुरू द्या न!

डब्लिनमध्ये बॉल्सब्रिजला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक नागपूरकर राहायचा. एकटाच. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये बाल्कनीच्या कठड्यावरून आमची ओळख झाली. दर रविवारी तो एक बाटली बाहेर आणायचा, क्षणभर उजेडात धरायचा आणि परत आत ठेवून द्यायचा. उघडायचा मात्र नाही.

ती स्पेनची पांढरी वाइन होती, ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली.

"आधी लिंबासारखी फिकी असते न भाऊ, मग हळूहळू सोनेरी होते. फळांचा वास जातो, अक्रोडाचा येतो, मधाचा येतो!"

"मग उघडू या की," मी म्हणायचो.

"घाई काहून करता? मुरू द्या न!"

माझ्या आईने लोणच्याच्या बरणीवरही इतका कडक पहारा कधी ठेवला नसेल.

पुढच्या वर्षी एकमेकांच्या घरी जायची परवानगी मिळाली आणि त्याने मला लगेच बोलावलं. बाटली चक्क उघडलेली होती. त्याने उंच काचेच्या ग्लासात वाइन ओतून माझ्या हातात दिली आणि स्वतःला स्टीलच्या वाटीत घेतली. मी ग्लास तोंडाला लावणार, तेवढ्यात तो ओरडला, "थांबा न भाऊ! वाटीत रंग दिसत नाही. जरा खिडकीशी धरा."

मी ग्लास धरून उभा राहिलो. तो माझ्या ग्लासातला रंग बघत वाटीतून पीत राहिला. वाइनचं एवढं शास्त्र माहीत असलेल्या या माणसावर दुसरा ग्लास आणायची वेळच कधी आली नव्हती.